रक्ताच्या दाबाची भरती-ओहोटी

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं सर्पगंधेच्या मुळीनें रक्तदाब उतरतो हें सप्रमाण मांडलें, आणि पाश्चात्त्य वैद्यांचें लक्ष त्या वनस्पतीकडे वेधलें. परंतु उतरवावयाचा तो दाब कोणत्या वेळचा, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

रक्तदाब दिवसभर एकसारखा राहत नाहीं. झोपेंत तो दिवसाच्या मानानें शेंकडा १० ते २० नें उतरतो. पहांटेस चढूं लागतो व जाग येतांच झपाट्यानें वाढतो. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात सकाळच्या प्रहरीं अधिक येतात, त्याचें हें एक कारण होय. बोरिवलीस गाडी गांठण्यासाठीं धांवणाऱ्याच्या बाबतींत त्यांत धांवपळीचीही भर पडते.

कित्येकांचा दाब मात्र रात्रीं पुरेसा उतरतच नाहीं. जपानांतील ओहासामा येथील पाहणींत २००२ सालीं असें दिसून आलें कीं, हा उतार जितका कमी, तितका हृदयविकारानें वा पक्षाघातानें मृत्यु येण्याचा संभव अधिक. मग दिवसरात्रीची सरासरी प्रमाणांत कां असेना.

म्हणून दवाखान्यांत संध्याकाळीं एकदां घेतलेल्या आंकड्यावर निर्धास्त होऊं नये. घाबरूंही नये, कारण डॉक्टरांसमोर कित्येकांचा दाब उगाच चढतो. घरीं सकाळीं औषधापूर्वीं व रात्रीं निजण्यापूर्वीं, पांच मिनिटें स्वस्थ बसून, तो दोनदां मोजावा व वहींत टिपावा. सरासरी १३५/८५ च्या आंत असावी. झोपेंतील दाब कळण्यास मात्र दंडावर २४ तास पट्टी बांधून आपोआप मोजणारें यंत्रच हवें; तें कोणास लावावें, हें डॉक्टरांनीं ठरवावें.