ब्रँडाइस विद्यापीठ : एका लहान समाजाचे मोठे कार्य

ज्या १९४८ साली इस्राएल राष्ट्राचा जन्म झाला, त्याच साली शरद ऋतूत अमेरिकेतील वॉल्थॅम या गावी एका खासगी विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. विद्यार्थी १०७ आणि अध्यापक पंधराहूनही कमी, एवढाच त्याचा संसार होता. बॉस्टन शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर असलेले हे ब्रँडाइस विद्यापीठ अमेरिकेतील यहुदी समाजाने स्वतःच्या पैशाने उभारले. मात्र त्याची दारे पहिल्या दिवसापासून सर्व धर्मांच्या व वर्णांच्या विद्यार्थ्यांना उघडी ठेवली. आमच्यासारख्या संख्येने लहान समाजाला या संस्थेच्या वाटचालीतून पुष्कळ शिकण्यासारखे आहे, म्हणून तिची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अशा विद्यापीठाची गरज का भासली, हे आधी पाहिले पाहिजे. पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेल्या यहुदी कुटुंबांतील मुले विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या संख्येने नामांकित विद्यापीठांत शिरू लागली, तेव्हा तेथील धुरीणांना चिंता वाटू लागली. १९२२ साली हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी यहुदी विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करावी, अशी सूचना उघडपणे मांडली. अध्यापकांनी ती तशी स्वीकारली नाही. पण जे दाराने आले नाही ते खिडकीने आले. प्रवेश-अर्जात धर्म, आईचे माहेरचे आडनाव, आणि जन्मानंतर विद्यार्थ्याच्या वा त्याच्या वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे काय, असे प्रश्न विचारले जाऊ लागले. आडनावावरून आमचे कोकणातील गाव कळते याचा आम्हांला अभिमान वाटतो. तेथे आडनावावरून माणसाला दाराबाहेर ठेवण्याची सोय झाली. वैद्यकीय महाविद्यालयांत तर हे निर्बंध आणखी कडक होते.

वॉल्थॅम येथील मिडलसेक्स विद्यापीठ याला अपवाद होते. डॉ. जॉन हॉल स्मिथ यांनी चालविलेल्या या संस्थेत वैद्यक व पशुवैद्यक शिकवीत आणि प्रवेशासाठी धर्म पाहत नसत. परंतु संस्थेला वैद्यकीय मान्यता मिळेना, पैशाची चणचण भासू लागली आणि १९४४ साली डॉ. स्मिथ निवर्तले. त्यांचे चिरंजीव रगल्स स्मिथ यांनी १९४६ साली रब्बी इस्राएल गोल्डस्टीन यांच्या मंडळाला इमारती, जमीन व विद्यापीठाची सनद देऊ केली. धर्म वा वर्ण यांवरून भेदभाव न करण्याचे संस्थेचे धोरण पुढे चालू राहावे, एवढी त्यांची इच्छा होती.

शास्त्रज्ञ अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी या कार्याला आपले नाव दिले, त्यामुळे देणग्यांचा ओघ सुरू झाला. पण समाजकार्यात जे सर्वत्र घडते ते येथेही घडले. मंडळात मतभेद झाले, गोल्डस्टीन यांनी राजीनामा दिला आणि १९४७ साली आइन्स्टाइनही दूर झाले. तरीही उरलेल्या मंडळींनी, विशेषतः बॉस्टनचे वकील जॉर्ज अल्पर्ट यांनी, काम सोडले नाही. संस्थेला नाव दिले ते न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांचे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर १९१६ साली नेमले गेलेले ते पहिले यहुदी न्यायाधीश होत. इस्राएलातील एन हाशोफेत, म्हणजे 'न्यायाधीशाचा झरा', हा किबुट्स त्यांच्याच नावाने वसला आहे. विद्यार्थ्यांनीही हा वारसा हौसेने उचलला. १९४९ साली सुरू झालेल्या त्यांच्या वृत्तपत्राचे नाव 'द जस्टिस', तर त्यांचे खेळाडू 'जजेस' म्हणजे न्यायाधीश म्हणून मैदानात उतरतात.

पहिले अध्यक्ष अब्राम साकार यांनी वीस वर्षे धुरा वाहिली. यहुदी माणूस आजवर इतरांच्या विद्यालयांत पाहुणा होता, आता तो स्वतः यजमान झाला, ही त्यांची आवडती कल्पना. विद्यापीठाच्या स्थापनेविषयी त्यांनी १९७६ साली लिहिलेल्या पुस्तकाचे 'अ होस्ट ॲट लास्ट' हे नावही हेच सांगते. साकार यांची माणसे जोडण्याची हातोटी विलक्षण होती. एलिनॉर रूझवेल्ट विश्वस्त झाल्या व पुढे त्यांनी तेथे अध्यापनही केले. लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी संगीत शिकविले आणि अब्राहम मॅस्लो यांनी मानसशास्त्र. १९५२ साली १०१ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली, आणि त्या समारंभाबरोबर भरलेल्या कलामहोत्सवात बर्नस्टाइन यांची नवी संगीतिका प्रथम सादर झाली. पुढच्याच वर्षी विद्यापीठाला अधिकृत मान्यता मिळाली.

विद्यापीठाचे आवार टेकडीच्या उतारावर आहे. वर्गाला जायचे तर चढण आणि पायऱ्या ठरलेल्या. माथ्यावर डॉ. स्मिथ यांनी बांधलेला दगडी किल्ला होता. त्यात पुढे विद्यार्थ्यांची वसती झाली. हा किल्ला कालांतराने खिळखिळा झाला. त्याचा बराच भाग पाडून त्या जागी २०१८ साली नवे वसतिगृह उभे राहिले. काही बुरूज मात्र जुन्या आठवणीसाठी राखले आहेत.

परंतु या आवारात आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटतात ती १९५५ च्या सुमारास बांधलेली तीन प्रार्थनामंदिरे. एक यहुदी, एक कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट. एका लहान तळ्याभोवती त्यांची मांडणी अशी केली आहे की एकाची सावली दुसऱ्यावर पडू नये. यहुद्यांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या आवारात इतरांच्या उपासनेलाही तितकेच ऊन मिळावे, हा विचार तेथे दगड-विटांत उतरला आहे.

विद्यार्थ्यांच्या नित्य जीवनातही हा दुहेरी धागा दिसतो. यहुदी सणांच्या प्रमुख दिवशी वर्ग बंद असतात. भोजनगृहात कोशेर अन्नाची वेगळी सोय आहे, आणि त्याच छताखाली इतरांचीही पंगत बसते. १९५८ साली सुरू झालेल्या वीन शिष्यवृत्तीमुळे परदेशांतील विद्यार्थी येऊ लागले. फुटबॉलचा संघ खर्च परवडेना म्हणून १९६० साली बंद झाला; लहान संस्थेने आपले अंथरूण पाहून पाय पसरले.

यजमान होणे मात्र सोपे नसते. जानेवारी १९६९ मध्ये सुमारे सत्तर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी फोर्ड हॉल ही इमारत अकरा दिवस ताब्यात ठेवली. दार उघडे आहे, पण घरात आम्हांला स्थान कोठे आहे, असा त्यांचा सवाल होता. अध्यक्षांनी पोलिसांना आत बोलावले नाही आणि त्याच वर्षी आफ्रिकी व आफ्रो-अमेरिकन अभ्यासाचा विभाग स्थापन झाला. या विद्यार्थ्यांचे मन आम्हांला सहज समजते. विवाहाच्या प्रश्नावर १९६४ साली यरुशलेमात धरणे धरणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनी आपल्याच घरात हाच सवाल विचारला होता.

१९८७ साली उलट बाजूचा वाद उठला. सर्वांना विद्यापीठ आपले वाटावे म्हणून एका भोजनगृहात डुकराचे मांस व शिंपल्याचे पदार्थ वाढण्याचे ठरले, तेव्हा माजी विद्यार्थी व देणगीदार खवळले. सर्वांचे होताना स्वतःचे काय उरावे, हा प्रश्न त्या ताटातून पुढे आला. २००९ साली आर्थिक मंदीच्या तडाख्यात विश्वस्तांनी रोझ कलासंग्रहालय बंद करून चित्रे विकण्याचा ठराव केला. त्यावर मोठा गहजब झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०११ साली तडजोड होऊन चित्रे वाचली.

इतक्या वादळांतूनही विद्येची उपासना थांबली नाही. शरीरातील दिवस-रात्रीच्या घड्याळाचे रहस्य उलगडणारे तेथील प्राध्यापक जेफ्री हॉल व मायकेल रॉसबॅश २०१७ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. करोनावरील लसीचा पाया घालणाऱ्या संशोधनासाठी २०२३ साली नोबेल मिळविणारे ड्रू वाइसमन हे याच विद्यापीठाचे विद्यार्थी. पदवीपूर्व विद्यार्थ्यांची संख्या आजही साडेतीन हजारांच्या आसपासच आहे.

हे वाचताना मुंबईच्या माझगावातील आमच्या शाळेची आठवण होणे साहजिक आहे. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आमच्या मुलांसाठी ती सुरू केली. पुढे तिला सर एली कदूरी यांचे नाव मिळाले. १९०५ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन यांनी अनेक वर्षे तिची धुरा सांभाळली. आज तेथे शिकणारी बहुतेक मुले इतर धर्मांची आहेत. कित्येकांना याची हळहळ वाटते. आमच्या मते हळहळण्याचे कारण नाही. आमचे लोक मायदेशी आले, पण त्यांनी लावलेल्या झाडाखाली शेजाऱ्यांची मुले शिकत आहेत. यजमानाला याहून मोठा मान कोणता?

आता प्रश्न येथील आमच्या पिढीचा आहे. केहीमकरांपाशी धनिकांची फौज नव्हती आणि वॉल्थॅमचा आरंभही बंद पडत चाललेल्या संस्थेच्या इमारतींतच झाला. एखादी शिष्यवृत्ती, एखादे वाचनालय, संध्याकाळचा एखादा अभ्यासवर्ग यांपैकी काहीही आमच्या आवाक्याबाहेरचे नाही. ते आमच्या नावाने उभे राहावे आणि दार शेजाऱ्याच्या मुलालाही उघडे असावे. आमच्या समाजबांधवांनी व भगिनींनी याचा अवश्य विचार करावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.