शिवकालीन मराठी चित्रपट आणि सर्वोत्तमाची चर्चा

शिवकालीन मराठी चित्रपट आणि सर्वोत्तमाची चर्चा हा मराठी चित्रपटरसिकांच्या एका जुन्या व अजूनही चालू असलेल्या वादाचा विषय आहे. छत्रपती शिवाजी महाराज आणि त्यांचे सहकारी यांच्यावर मूकपटांच्या काळापासून चित्रपट निघत आले असून त्यांपैकी सर्वांत चांगला कोणता, याबाबत रसिकांत एकमत नाही. या चित्रपटांतील अनेक प्रसंग पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या दोन तालुक्यांशी निगडित आहेत. राजगड, तोरणा, रोहिडा आणि रायरेश्वर ही स्थळे तेथे आजही पाहता येतात. त्यामुळे अन्य चित्रपटांच्या तुलनेत या चित्रपटांची पारख करताना प्रेक्षकांच्या हाती एक जास्तीची कसोटी असते, ती म्हणजे प्रत्यक्ष भूमी. वेल्हे तालुक्याचे नाव आता बदलून राजगड असे करण्यात आले आहे.

पार्श्वभूमी

चित्रपटांची क्रमवारी लावण्याची प्रथा जगभर आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे 'साइट अँड साउंड' हे नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. पहिल्या कौलात 'बायसिकल थीव्ह्ज' हा इटालियन चित्रपट अग्रस्थानी होता. १९६२ ते २००२ या काळातील प्रत्येक कौलात 'सिटिझन केन'ने, तर २०१२ मध्ये 'व्हर्टिगो'ने ते स्थान मिळवले. २०२२ मध्ये शांताल अकेरमन यांचा 'जान दिएलमन' पहिला आला. चित्रपट तेच असले तरी ते पाहणारी पिढी बदलली की क्रम बदलतो, हे या कौलांवरून दिसते.

भारतात २०२२ मध्ये फिप्रेस्की या समीक्षक संघटनेच्या भारतीय शाखेने सर्वोत्तम दहा भारतीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. 'पथेर पांचाली' तीत पहिला होता. यादीत बंगाली, हिंदी, मल्याळम व कन्नड चित्रपट होते. मराठी चित्रपट एकही नव्हता. वास्तविक प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला होता आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक 'श्यामची आई' या मराठी चित्रपटाला मिळाले होते. समीक्षकांच्या अशा याद्यांत ऐतिहासिक मराठी चित्रपटांना तर क्वचितच जागा मिळते. त्यांची क्रमवारी मुख्यतः प्रेक्षकच आपापसांत लावतात.

चित्रपटांचा आढावा

मूकपटांचा काळ : कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' हा मूकपट काढला. हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर तो आधारलेला होता. रात्रीच्या दृश्यांसाठी त्यात कृत्रिम प्रकाशाचा वापर करण्यात आला. व्ही. शांताराम यांनी त्यात शेलारमामांची भूमिका केली होती. पुढे शांताराम यांनी केशवराव धायबर यांच्यासह 'नेताजी पालकर' (१९२७) दिग्दर्शित केला.

प्रभात फिल्म कंपनीच्या १९३० मधील 'उदयकाल' या मूकपटाचा वेल्हे परिसराशी विशेष संबंध आहे. चित्रपटाचे मूळ नाव 'स्वराज्याचे तोरण' असे होते. तोरणा घेऊन स्वराज्याचे तोरण बांधले, या सर्वपरिचित समजुतीवर ते नाव बेतलेले होते. परंतु 'स्वराज्य' हा शब्द ब्रिटिश राजवटीतील परीक्षकांना मान्य नव्हता. त्यामुळे चित्रपट 'उदयकाल' या नावाने प्रदर्शित झाला. शिवाजी महाराजांची भूमिका शांताराम यांनी स्वतः केली.

बोलपटांचा काळ : १९३३ मध्ये शांताराम यांनी 'सिंहगड' बोलपटाच्या रूपात पुन्हा काढला. त्यानंतर या प्रकारावर भालजी पेंढारकर यांची छाप दीर्घकाळ राहिली. 'थोरातांची कमळा' (१९४१), 'बहिर्जी नाईक' (१९४३), 'छत्रपती शिवाजी' (१९५२), 'पावनखिंड' (१९५६), 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३) आणि 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) हे त्यांचे प्रमुख शिवकालीन चित्रपट होत. 'छत्रपती शिवाजी'मध्ये चंद्रकांत मांडरे यांनी महाराजांची भूमिका केली. शेवटच्या दोन चित्रपटांचे संगीत लता मंगेशकर यांनी 'आनंदघन' या टोपणनावाने दिले. पेंढारकर यांना दादासाहेब फाळके पुरस्काराने सन्मानित करण्यात आले.

२०१८ नंतरचा काळ : दिग्पाल लांजेकर यांच्या 'फर्जंद' (२०१८) या चित्रपटापासून शिवकालीन चित्रपटांची नवी लाट आली. 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' (२०२२), 'शेर शिवराज' (२०२२) व 'सुभेदार' (२०२३) हे त्यांचे पुढील चित्रपट. या पाचही चित्रपटांत चिन्मय मांडलेकर यांनी महाराजांची भूमिका साकारली. याच काळात प्रवीण तरडे यांचा 'सरसेनापती हंबीरराव' (२०२२) आणि अभिजीत देशपांडे यांचा 'हर हर महादेव' (२०२२) हे चित्रपट आले. हिंदीत ओम राऊत यांच्या 'तान्हाजी' (२०२०) या चित्रपटाला लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

भोर व वेल्हे परिसराचे स्थान

वेल्हे तालुक्यातील राजगड ही स्वराज्याची पहिली राजधानी होय. पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध उंच बालेकिल्ला अशी त्याची रचना आहे. महाराणी सईबाईंचे निधन १६५९ मध्ये याच गडावर झाले. २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे. शेजारचा तोरणा ऊर्फ प्रचंडगड हा पुणे जिल्ह्यातील सर्वांत उंच किल्ला मानला जातो. त्याची उंची सुमारे १,४०० मीटर आहे.

भोर तालुक्यात रोहिडा ऊर्फ विचित्रगड आणि रायरेश्वराचे पठार आहे. स्वराज्याची शपथ रायरेश्वरावर घेतली गेली, अशी परंपरा आहे. बाजीप्रभू देशपांडे यांचे शिंद आणि कान्होजी जेधे यांचे कारी ही गावेही याच तालुक्यात आहेत. हिरडस मावळातील बांदलांच्या सैन्याने जुलै १६६० मध्ये बाजीप्रभूंसह घोडखिंड लढवली. तीच पुढे पावनखिंड म्हणून प्रसिद्ध झाली. या पराक्रमानंतर जेध्यांकडे असलेला पहिल्या पानाचा मान बांदलांना देण्यात आला, असे परंपरा सांगते.

भोर शहरातील पंतसचिवांचा राजवाडा हा चित्रीकरणाचे ठिकाण म्हणूनही ओळखला जातो. तेथे अनेक हिंदी व मराठी चित्रपटांचे आणि मालिकांचे चित्रीकरण झाले आहे. मात्र हा वाडा एकोणिसाव्या शतकातील आहे. शिवकाळ आणि त्याची बांधणी यांत सुमारे दोनशे वर्षांचे अंतर पडते. लाकडी खांबांचे चौक व कोरीव महिरपी पडद्यावर शोभून दिसतात. तथापि अशा उत्तरकालीन वाड्यांत शिवकाळ दाखवला की जाणकार प्रेक्षक त्यावर बोट ठेवतात.

वादाचे मुद्दे

इतिहासाशी प्रामाणिकपणा : चित्रपट कोणत्या साधनांवर आधारला आहे, हा पहिला प्रश्न असतो. तानाजी मालुसरे यांच्या कथेतील घोरपडीचा प्रसंग याचे ठळक उदाहरण आहे. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात घोरपड आहे. कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत कडा चढून जाणारे मावळे आहेत, घोरपड नाही. तसेच कोंढाण्यासाठी 'सिंहगड' हे नाव तानाजींच्या मृत्यूपूर्वीच्या, १६६३ मधील पत्रात आढळते. म्हणजे ज्या वचनावरून कादंबरीला आणि पर्यायाने पहिल्या दोन चित्रपटांना आशय मिळाला, त्याच्या मुळाशीच इतिहास आणि लोककथा यांचा गुंता आहे. एका गटाच्या मते असे प्रसंग गाळणारा चित्रपट श्रेष्ठ होय. लोकस्मृती हाही वारसा असल्याने ते वगळू नयेत, असे दुसरा गट म्हणतो.

या वादात भोर तालुक्यातील एका दस्तऐवजाला विशेष वजन आहे. कारीच्या जेधे देशमुख घराण्यातील 'जेधे शकावली' लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी याच शकावलीत नोंदलेली आहे. अशी साधने ज्या मुलखात सापडली, तेथे 'हे कोणत्या कागदात आहे?' असा प्रश्न पडद्यावरील प्रसंगालाही विचारला जातो.

महाराजांची भूमिका : अनेकांच्या दृष्टीने क्रमवारी ठरते ती महाराजांची भूमिका करणाऱ्या नटावरून. जुने प्रेक्षक चंद्रकांत मांडरे यांच्या रुबाबाचा दाखला देतात. नव्या प्रेक्षकांना मांडलेकर यांचा संयम अधिक पटतो. येथे तुलना दोन नटांमध्ये होते असे वाटले, तरी अभिनयाच्या दोन पद्धतीही तिच्यात सामील असतात. भालजींच्या काळातील अभिनय रंगभूमीच्या वळणाचा होता. भारदस्त वाक्ये, ठाशीव उच्चार आणि सरळ समोर घेतलेली दृश्ये ही त्याची वैशिष्ट्ये होती. आजच्या चित्रपटांत नटाचा चेहरा अगदी जवळून टिपला जातो आणि लढाईची पुष्कळ दृश्ये संगणकाच्या साहाय्याने उभी केली जातात.

स्थळांचे चित्रण : राजगडाची पाली दरवाजाची वाट, सुवेळा माचीवरील नेढे आणि संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी पायी हिंडून पाहिलेल्या दुर्गप्रेमींना सेटवरील गड लगेच ओळखू येतो. दुसऱ्या बाजूने असा युक्तिवाद केला जातो, की गडावरील आजचे अवशेष म्हणजे शिवकाळातील गजबजलेली राजधानी नव्हे. ओसाड जोती जशीच्या तशी दाखवणे हेही एक प्रकारे असत्यच ठरेल.

एकाच कथेवरील तीन चित्रपट

बाजीप्रभूंच्या कथेमुळे ही तुलना सर्वाधिक स्पष्ट होते, कारण त्यांच्यावरील तीन मराठी चित्रपट शेजारी ठेवता येतात. पहिला भालजींचा १९५६ मधील 'पावनखिंड'. दुसरा फेब्रुवारी २०२२ मधील लांजेकर यांचा त्याच नावाचा चित्रपट. त्यात अजय पूरकर यांनी बाजीप्रभूंची भूमिका केली. तिसरा ऑक्टोबर २०२२ मधील 'हर हर महादेव'. त्यात शरद केळकर बाजीप्रभूंच्या आणि सुबोध भावे महाराजांच्या भूमिकेत होते. 'हर हर महादेव'मधील इतिहासाच्या मांडणीवर नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर आक्षेप घेण्यात आले आणि काही ठिकाणी त्याच्या खेळांना विरोध झाला. चित्रपट आवडणे किंवा न आवडणे आणि तो दाखवला जावा की नाही, हे दोन निराळे प्रश्न त्या वेळी एकमेकांत मिसळले गेले.

पावनखिंडीच्या लढाईविषयी समकालीन साधनांत फार थोडा तपशील आहे. तोफांचे आवाज ऐकू येईपर्यंत खिंड रोखून धरणारे बाजीप्रभू ही प्रतिमा शालेय पुस्तके, काव्ये आणि पोवाडे यांमधून घराघरांत पोहोचली. साधने जिथे मूक आहेत तिथे प्रत्येक दिग्दर्शकाला कल्पनेचा आधार घ्यावा लागतो. तिन्ही चित्रपटांतील फरक प्रामुख्याने याच रिकाम्या जागांत निर्माण झाला आहे. बांदलांच्या अनामिक मावळ्यांना किती स्थान दिले, हा निकष या संदर्भात भोर परिसराच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

उपलब्धतेची मर्यादा

सर्वोत्तमाच्या कोणत्याही यादीवर एक मोठी मर्यादा असते : न पाहिलेल्या चित्रपटाला मत देता येत नाही. भारतीय मूकपटांपैकी बहुसंख्य आज नष्ट झाले आहेत. नायट्रेटच्या फिती ज्वालाग्राही असत आणि काळाच्या ओघात त्या कुजतही असत. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत कोल्हापूरचा भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. चित्रपटांच्या जतनासाठी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. परंतु जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला.

याचा परिणाम क्रमवारीवर होतो. २०१८ नंतरचे चित्रपट भ्रमणध्वनीवरही पाहता येतात, १९५०-६० च्या दशकांतील काही चित्रपट अधूनमधून दूरचित्रवाणीवर दिसतात आणि १९२० च्या दशकातील चित्रपटांची ओळख बहुधा छायाचित्रे, जाहिराती व आठवणी यांच्या आधारेच करून घ्यावी लागते. त्यामुळे चाहत्यांच्या याद्यांत अलीकडील चित्रपट वरच्या स्थानी आले, तर त्यावरून ते आधीच्या सर्व चित्रपटांपेक्षा सरस ठरतात असे नाही. आधीच्यांपैकी अनेक स्पर्धेत उतरूच शकलेले नाहीत. तोरण्याच्या नावावरून ज्याचे मूळ शीर्षक बेतले होते, तो 'उदयकाल' किती चांगला होता, याचा निवाडा आजच्या प्रेक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी करता येत नाही. या परिस्थितीत ज्या चित्रपटांच्या प्रती शिल्लक आहेत त्यांचे जतन व पुनःप्रदर्शन होणे, ही सर्वोत्तम ठरवण्यापूर्वीची आवश्यक पायरी आहे.

हे सुद्धा पहा

प्रभात फिल्म कंपनी
भालजी पेंढारकर
बाजीप्रभू देशपांडे
राजगड
तोरणा
रोहिडा
भोर संस्थान
जेधे शकावली