परदेशी जोडीदार आणि व्हिसाच्या वाटा

एक भारतीय नागरिक आणि दुसरा परदेशी नागरिक अशा जोडप्याला तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात: भेटायचे कुठे, लग्न करायचे कुठे आणि संसार थाटायचा कुठे. या तिन्हींसाठी लागणारे व्हिसा वेगवेगळे आहेत आणि एका व्हिसावर दुसरे काम सहसा भागत नाही. मावळ तालुक्याला हा विषय आता परका राहिलेला नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात स्थापन केलेल्या कैवल्यधामात योग शिकायला परदेशी साधक येतात, तळेगाव दाभाड्याच्या औद्योगिक वसाहतीत परदेशी कंपन्यांचे कारखाने आहेत, आणि तालुक्यातली मुले-मुली शिक्षण-नोकरीसाठी अमेरिका-युरोपात जातात. यातून नाती जुळतात. पुढची अडचण बहुतेक वेळा मुहूर्त आधी आणि व्हिसाचा विचार नंतर झाल्यामुळे येते.

भेटीपुरता व्हिसा

भारताच्या व्हिसा पद्धतीत वाग्दत्त वधू-वरासाठी किंवा लग्नाविना एकत्र राहणाऱ्या जोडीदारासाठी वेगळा प्रकार नाही. लग्नापूर्वी परदेशी जोडीदाराला येण्यासाठी ई-टुरिस्ट व्हिसा हाच सोपा मार्ग. तो 30 दिवस, 1 वर्ष किंवा 5 वर्षे मुदतीचा मिळतो. आप्त-मित्रांची भेट आणि अल्पमुदतीचा योगवर्ग ही दोन्ही कारणे त्यात बसतात. मुदत 5 वर्षांची असली तरी सलग राहता येत नाही. एका कॅलेंडर वर्षात एकूण मुक्काम 180 दिवसांच्या आत ठेवावा लागतो. महाविद्यालयातला दीर्घ अभ्यासक्रम करायचा असेल तर स्टुडंट व्हिसा, कारखान्यातल्या नोकरीसाठी एम्प्लॉयमेंट व्हिसा.

परदेशी पाहुणा उतरतो तिथल्या मालकावर एक जबाबदारी येते. हॉटेल असो, भाड्याचा बंगला असो की घरगुती होमस्टे, पाहुणा आल्यापासून 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरून परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला (एफआरआरओ) कळवावी लागते. व्यवहारात त्याला ‘सी फॉर्म’ म्हणतात. या फॉर्मची प्रत जपून ठेवावी, कारण पुढच्या अर्जांत भारतातल्या निवासाचा पुरावा म्हणून ती कामाला येते.

मावळातल्या जोडीदाराने परदेशात भेटीला जायचे तर अमेरिकेचा बी-2, ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा किंवा युरोपचा शेंगेन व्हिसा लागतो. शेंगेनमध्ये कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते. अमेरिकी कायदा अर्जदार तिकडेच स्थायिक होणार असे गृहीत धरून चालतो. ते खोडून काढण्यासाठी इथली नोकरी, शिक्षण, घरदार यांचे कागद दाखवावे लागतात. जोडीदार तिकडे आहे हे लपवणे मात्र घातक ठरते. एकदा खोटी माहिती दिल्याची नोंद झाली की पुढचा कौटुंबिक व्हिसाही अडतो.

लग्न आणि नोटिशीचा महिना

हिंदू विवाह कायदा 1955 लागू होण्यासाठी वधू-वर दोघेही हिंदू असावे लागतात. लोणावळ्याच्या रिसॉर्टमध्ये होम-सप्तपदी साग्रसंगीत झाली, पण वर ख्रिस्ती आहे, तर त्या विधीने या कायद्याखालचा विवाह होत नाही आणि फोटोंचा अल्बम व्हिसासाठी पुरेसा ठरत नाही. अशा जोडप्यांसाठी विशेष विवाह कायदा 1954 आहे.

या कायद्याने दोघांपैकी एकाने नोटिशीपूर्वी किमान 30 दिवस संबंधित जिल्ह्यात राहिलेले असावे लागते. लोणावळा, वडगाव, कामशेत इथल्या रहिवाशाला पुणे जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देता येते. बोरघाट उतरून खोपोलीला राहणाऱ्याचा जिल्हा मात्र रायगड. नोटीस लागल्यावर 30 दिवस हरकतींची वाट पाहिली जाते. त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो आणि प्रमाणपत्र मिळते. नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर नोटीस रद्द होते.

हा हिशेब व्हिसाशी जुळवून पाहिला की घोळ कुठे होतो ते कळते. परदेशी जोडीदार 30 दिवसांच्या ई-व्हिसावर 1 डिसेंबरला उतरला आणि 3 डिसेंबरला नोटीस दिली, तर विवाहाची पहिली शक्यता जानेवारीत येते. तोवर व्हिसा संपलेला असतो. म्हणून 1 वर्षाचा व्हिसा घ्यावा, किंवा दोन फेऱ्या तीन महिन्यांच्या आत बसवाव्यात. परदेशी व्यक्तीला पासपोर्ट आणि व्हिसाबरोबर आपण अविवाहित असल्याचे किंवा विवाहाला हरकत नसल्याचे, आपल्या देशाच्या दूतावासाचे अथवा सक्षम अधिकाऱ्याचे पत्र आणावे लागते. घटस्फोट झालेला असेल तर त्याचा अंतिम हुकूमही हवा.

दोघेही हिंदू असतील आणि लग्न मंगल कार्यालयात झाले असेल, तर 1998 च्या महाराष्ट्र कायद्यानुसार गावात ग्रामपंचायतीकडे आणि शहरात नगरपरिषदेकडे नोंदणी होते. लग्न परदेशात करायचे असेल आणि एक जण भारतीय असेल, तर परकीय विवाह कायदा 1969 खाली तिथल्या भारतीय वकिलातीत विवाह करता येतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने परदेशी व्यक्तीशी विवाह केल्यास ते सरकारला तात्काळ कळवणे सेवानियमांनी बंधनकारक आहे.

समलिंगी जोडप्यांना भारतात विवाहाचा मार्ग नाही. सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात तो हक्क मान्य केला नाही. त्यामुळे पती-पत्नीच्या नात्यावर मिळणारे भारतीय व्हिसाही त्यांना मिळत नाहीत. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया हे देश त्यांचे नाते मान्य करतात, म्हणून अशा जोडप्यांना बहुधा देश सोडूनच संसार मांडावा लागतो. प्रेम तेच, कर्तव्ये तीच, तरीही घर परक्या देशात शोधावे लागते, हा या व्यवस्थेतला मोठा अन्याय आहे.

संसार भारतात

विवाहाचे प्रमाणपत्र हाती आले की परदेशी पती किंवा पत्नीला एंट्री व्हिसा मिळू शकतो. त्याला ‘एक्स’ व्हिसा म्हणतात. भारतात असतानाच लग्न झाले तर व्हिसा बदलून घेण्याचा अर्ज ई-एफआरआरओ पोर्टलवर करता येतो. ई-व्हिसा वाढवता किंवा बदलता येत नाही अशी अट त्यावर सहसा असते, म्हणून लग्नाच्या बेताने येणाऱ्याने वकिलातीतून साधा व्हिसा घेणे सोयीचे. 180 दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना आल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करावी लागते. लोणावळा पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येते आणि तळेगाव दाभाडे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या. पोर्टलवर पत्ता भरताना हे ध्यानात ठेवावे. परदेशी नागरिकांचे जुने कायदे रद्द होऊन 1 सप्टेंबर 2025 पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट 2025 लागू झाला आहे. एंट्री व्हिसावर नोकरी करता येत नाही.

नोंदणी झालेला विवाह सलग 2 वर्षे टिकला की परदेशी पती-पत्नीला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. कार्ड देण्याआधी सुरक्षा पडताळणी होते. ज्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक होते, त्याला हे कार्ड मिळत नाही. कार्ड मिळाल्यावर आजन्म ये-जा, पोलीस नोंदणीतून सुटका आणि बहुतेक नोकऱ्यांची मुभा मिळते. मतदान करता येत नाही, आणि शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. मावळात ही अट महत्त्वाची आहे. पवनेच्या काठी शेतजमिनीवर फार्महाऊस घ्यायचे म्हटले तर ते परदेशी जोडीदाराच्या नावावर होणार नाही. घटस्फोट झाला की विवाहावर मिळालेले कार्ड रद्द होऊ शकते. भारतीय नागरिकत्व हवे असेल तर 7 वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीचा अर्ज करता येतो, पण दुहेरी नागरिकत्व नसल्याने मूळ नागरिकत्व सोडावे लागते.

संसार परदेशात

अमेरिकी नागरिकाला वाग्दत्त जोडीदारासाठी के-1 व्हिसाची विनंती करता येते. दोघे मागच्या 2 वर्षांत प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात आणि अमेरिकेत उतरल्यावर 90 दिवसांत विवाह करावा लागतो. लग्न आधीच झाले असेल तर सीआर-1 किंवा आयआर-1 हा स्थायिक व्हिसा. विवाहाला 2 वर्षे झालेली नसतील तर ग्रीन कार्ड सशर्त मिळते आणि अट काढण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. ग्रीन कार्डधारकाला के-1 मागता येत नाही. एच-1बी वर असलेल्या नोकरदाराच्या पती-पत्नीला एच-4 मिळतो, तोही विवाहानंतरच.

ब्रिटनचा फियान्से व्हिसा 6 महिन्यांचा असतो. त्यावर नोकरी नाही आणि त्याच मुदतीत लग्न करावे लागते. प्रायोजक जोडीदाराच्या किमान वार्षिक उत्पन्नाची अट एप्रिल 2024 पासून 29,000 पाउंड झाली. आधी ती 18,600 होती. या वाढीने अनेक तरुण जोडप्यांची ताटातूट लांबली. कॅनडात फियान्से व्हिसा नाही, पण 12 महिने एकत्र राहिलेल्या अविवाहित जोडीदाराला मान्यता आहे. ऑस्ट्रेलियात विवाहेच्छू जोडीदारासाठी सबक्लास 300 व्हिसा आहे. जर्मनीत पती-पत्नीकडे जाणाऱ्याला सहसा ए-1 पातळीची जर्मन यावी लागते; परीक्षेची सोय पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात आहे. प्रायोजक कुशल कर्मचारी असल्यास या अटीतून सूट मिळते.

नात्याची फाइल

सर्वच देशांत अधिकारी एकच गोष्ट तपासतात: नाते खरे आहे की व्हिसासाठी जुळवलेले. त्यासाठी प्रवासाची तिकिटे, पासपोर्टवरचे शिक्के, पैसे पाठवल्याच्या नोंदी, दोन्ही घरच्या मंडळींसोबतचे फोटो आणि संभाषणाच्या निवडक नोंदी पहिल्या भेटीपासून तारीखवार लावून ठेवाव्यात. जन्मदाखला, पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्रावर नावांचे स्पेलिंग एकच असावे. एका अक्षराच्या फरकानेही अर्ज अडतो. विवाह प्रमाणपत्र परदेशात वापरण्यासाठी राज्य पातळीवरची पडताळणी आणि परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे इतर देशांत चालणारे प्रमाणीकरण, लागते. भारत या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत 2005 पासून आहे. शुल्क, उत्पन्नाच्या मर्यादा आणि अर्जांची रचना बदलत असते, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी त्या त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरची माहितीच ग्राह्य धरावी. हॉलचे आगाऊ पैसे मात्र व्हिसाची मुदत आणि नोटिशीच्या तारखा जुळल्यानंतरच भरावेत.