गुणपत्रिकेत नसलेलं काही

दिवाळी जवळ आली की नागपुरात परदेशी विद्यापीठांच्या अर्जांची घाई सुरू होते. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांची मुदत डिसेंबरच्या आसपास संपते. व्हीएनआयटी, एलआयटी किंवा नागपूर विद्यापीठाच्या विभागांतली मुलं-मुली तेव्हा एसओपी लिहायला बसतात. आपल्याला पुढे काय शिकायचं आहे आणि का, हे सांगणारा हा निबंध. पहिल्या खर्ड्याची सुरुवात बहुधा ठरलेली असते: दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, वक्तृत्व स्पर्धेतलं बक्षीस.

घरच्यांनी अभिमानाने जपलेली ही यादी निबंधात मात्र जागा अडवते. निबंध जेमतेम दोन पानांचा. गुणपत्रिका अर्जाला जोडलेल्याच असतात, पुरस्कारांसाठी बायोडेटा असतो. प्राध्यापकांना निबंधातून वेगळंच समजून घ्यायचं असतं: हा विद्यार्थी विचार कसा करतो, अडला तर काय करतो आणि आपल्याच विभागात त्याला का यायचं आहे.

हे पदवीशिवायही सांगता येतं. २८ जून १८८३ रोजी आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. वय १८, हाती एकही पदवी नाही. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदत मिळावी, हा हेतू त्यांनी पत्रात स्पष्ट मांडला. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आणणारा आपला निश्चयच पुढेही कामी येईल, हेही सांगितलं. त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या.

आजच्या अर्जदारापाशी पदवी असते, प्रकल्प असतो. त्यातलं काय निवडायचं?

समजा, एका विद्यार्थिनीला पर्यावरण अभियांत्रिकीत एमएस करायचं आहे. तिने लिहिलं, ‘शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला सर्वाधिक गुण मिळाले.’ हे गुणपत्रिकेत दिसतंच. पण प्रकल्प होता नाग नदीच्या पाण्याची बीओडी चाचणी. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, ते यात मोजतात. भारतीय मानकानुसार नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवावा लागतो. पहिल्या फेरीचे आकडे विसंगत आले. तिने नोंदवही पुन्हा तपासली, तेव्हा दुसऱ्या रात्री वीज गेल्याने इन्क्युबेटरचं तापमान घसरल्याचं कळलं. सगळे नमुने नव्याने आणून तिने चाचणी पुन्हा केली. निबंधात यायला हवी ती ही हकिकत, कारण संशोधनात रोज हेच करावं लागतं.

क्रमांक सांगायचा असेल तर संदर्भ द्यावा. ‘विद्यापीठात तिसरी’ म्हणजे किती परीक्षार्थींमध्ये, हे परदेशातल्या वाचकाला ठाऊक नसतं. एखाद्या सत्रात गुण घसरले असतील तर कारण दोन वाक्यांत सांगावं आणि पुढच्या सत्रांत काय सुधारलं तिकडे वळावं. शाळेतली बक्षिसं वगळावीत.

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्यांना आपली वाट यश वाटतच नाही. पण तीही मोलाची आहे. बर्कलेचं कॅलिफोर्निया विद्यापीठ तर अशा जडणघडणीसाठी वेगळा निबंध मागतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातले राजू केंद्रे शेवनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या सोएस विद्यापीठात शिकले. त्यांनी उभी केलेली ‘एकलव्य’ ही संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना उच्चशिक्षणाच्या अर्जांसाठी मार्गदर्शन करते.

खर्डा झाला की गुणपत्रिका शेजारी ठेवावी आणि दोन्हीकडे असलेली वाक्यं काढून टाकावीत. उरलेला मजकूर शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना मुदतीच्या महिनाभर आधी दाखवावा. निबंधातल्या त्याच कामाबद्दल त्यांनीही आपल्या पत्रात लिहिलं, तर समितीला अर्जदाराची खात्री पटते.