आश्रम गाठला नाही, तर आसन कुठे लावाल?

भोपाळहून दक्षिणेला सुमारे ७० किलोमीटरवर बुधनी आहे आणि नदीपलीकडे नर्मदापुरम, म्हणजे जुने होशंगाबाद. नर्मदा उजव्या हाताला ठेवून उत्तर तटाने अमरकंटककडे निघालेले परिक्रमावासी याच पट्ट्यातून जातात. त्यांत मराठी माणसे पुष्कळ असतात. मुक्काम बहुधा आश्रमात, धर्मशाळेत किंवा देवळाच्या ओवरीत होतो. पण पाय सुजतात, वाट लांबते, अंधार पडतो आणि कधीतरी उघड्यावर आसन लावावे लागते.

अशा वेळी मन ओढ घेते ते वाळूकडे. ती सपाट, मऊ असते आणि पाणीही हाताशी असते. नेमका तिथेच मुक्काम करू नये. पावसाळा सरला की नदी ओसरते, हा जुना हिशेब आता पुरेसा नाही. वरच्या अंगाला बरगी आणि तवा ही धरणे आहेत, खाली इंदिरासागर. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की निरभ्र रात्रीही पात्र भरू शकते. एप्रिल २००५मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजी इथे भूतडी अमावास्येसाठी भाविक नदीपात्रात जमले होते. रात्री इंदिरासागरचे पाणी आले आणि ६०हून अधिक माणसे गेली. आकाशात पावसाचे चिन्हही नव्हते. म्हणून पथारी दरडीच्या वर, पुराच्या खुणांपलीकडेच टाकावी.

नदी सोडून रानात शिरणे हाही पर्याय नव्हे. रायसेन-सिहोरमधले रातापानीचे सागवानी जंगल डिसेंबर २०२४मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि वाळलेल्या सागपानांत शेकोटीची एक ठिणगीही वणवा लावते.

उरते ते गाव. उजेड असतानाच पहिल्या घरी विचारावे, ‘इथे रात्री थांबलो तर चालेल का?’ शाळेचा व्हरांडा किंवा खळे मिळाले तरी मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश अनेकदा जाणवतही नाही. सकाळी पोटदुखी, जड पापण्या किंवा गिळायला त्रास जाणवला, तर झाडपाल्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

मैयावर भरवसा ठेवून निघणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण तिचे पाणी आता धरणांच्या दारांतून येते, हे ध्यानात ठेवूनच रोजचा टप्पा आखायला हवा. सूर्य मावळायच्या तासभर आधी चालणे थांबवावे. परिक्रमेत घाई कुणालाच नसते.