अब्बांची गाडी, दोन बादल्या
धरण उशाशी असले तरी खडकवासल्यात आम्ही गाडी धुवायला पाइप लावत नाही. हेच पाणी पुण्याच्या नळांना जाते. दोन बादल्या पुरतात: एक शाम्पूची, दुसरी फडके खळबळायची. धूळ कोरडीच पुसली तर रंगावर ओरखडे पडतात.

पॉलिश रंगाचा वरचा थर घासून ओरखडा काढते. वॅक्स त्यावर संरक्षक थर चढवते. हा फरक न कळल्याने गेल्या ईदेआधी आम्ही बॉनेटची कड प्राइमर दिसेपर्यंत घासली. अब्बा रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

आता पॉलिश क्वचितच, कडांना चिकटपट्टी लावून. वॅक्सचा पातळ हात मात्र दर तीन महिन्यांनी, सावलीत, पत्रा थंड असताना. आणि आधी अब्बांना विचारून.