यादीत नाव आहे, पण अनुदान जमा नाही? कुठं अडलंय ते असं शोधा



2025 च्या अतिवृष्टीचं अनुदान काहींना आलं, काहींना नाही. "शेजाऱ्याला आलं, माझंच का राहिलं?" हा प्रश्न रोज येतोय. आलं नाही म्हणजे नामंजूर झालं असं समजू नका. कोणत्या टप्प्यावर अडलंय ते कळलं, की कोणत्या ऑफिसला जायचं तेही कळतं.

*आधी रक्कम काढा*
33 टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर हेक्टरी दर असे: कोरडवाहू 8,500 रु., बागायत 17,000 रु., फळबाग 22,500 रु. 2025 च्या नुकसानीसाठी मर्यादा 3 हेक्टर. रब्बीच्या बियाण्यासाठीचे हेक्टरी 10,000 रु. वेगळे.
उदा. कोरडवाहू सोयाबीन 1 हेक्टर 20 आर बाधित असेल तर 10,200 रु. आणि रब्बीचे 12,000 रु.
हिशोब पंचनाम्यातल्या बाधित क्षेत्राचा होतो, सातबारावरच्या पूर्ण क्षेत्राचा नाही. रक्कम कमी वाटली तर आधी हेच बघा.

*टप्पा 1: पंचनामा व यादी*
तलाठ्याकडे यादीत नाव, गट नंबर, क्षेत्र आणि आधार नंबर तपासा. चूक असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

*टप्पा 2: सामाईक खातं किंवा मयत खातेदार*
सामाईक क्षेत्र असेल तर बाकी खातेदारांचं संमतीपत्र लागतं. वडिलांच्या नावावर जमीन असून ते वारले असतील तर वारस नोंद करून घ्या. त्याशिवाय पैसे पुढे सरकत नाहीत.

*टप्पा 3: ई-केवायसी*
फार्मर आयडी मंजूर असेल तर 2025 च्या या अनुदानासाठी ई-केवायसीची अट नाही. मात्र आयडीत आपले सगळे गट जोडलेत का ते बघा. आयडी नसेल तर तलाठ्याकडून विशिष्ट क्रमांक घ्या आणि आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा द्या.

*टप्पा 4: बँक*
इथं गोंधळ जास्त होतो. खात्याला आधार "जोडलेलं" असणं वेगळं आणि डीबीटीसाठी "सीडिंग" असणं वेगळं. सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं आणि पैसे तिथंच जातात. मध्ये कधी दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात खातं काढलं असेल तर ते पासबुक भरून बघा, पैसे तिथं पडलेले असू शकतात. आधारच्या वेबसाइटवर "बँक सीडिंग स्टेटस" मध्ये बँकेचं नाव दिसतं. सीडिंग नसेल तर बँकेत डीबीटीचा फॉर्म भरा.

*लक्षात ठेवा*
• ही मदत बँकेने कर्जखात्यात वळती करू नये असा शासनाचा आदेश असतो. पैसे कापले किंवा होल्ड केले तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या.
• पीक विमा वेगळा, अनुदान वेगळं. एक मिळालं म्हणून दुसरं बंद होत नाही.
• "अनुदान सोडतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर लगेच कट करा.

हे काम पुढं ढकलू नका. अडलं तर सातबारा, आधार आणि पासबुक घेऊन कंपनीच्या ऑफिसला या, सोबत बसून बघू. ज्यांच्याकडे मोठा फोन नाही त्यांनाही हे वाचून दाखवा.

– कृषी सल्ला विभाग